बारा बिऱ्हाडांची एक वाटी

लग्नात आलेली स्टीलची भांडी आणि बिल्डिंगमधले किस्से, दोन्ही माळ्यावर आपोआप वाढत जातात. आपण काही जमवत नाही. दिवाळीच्या साफसफाईला खाली काढावेत तर मागच्या वर्षीपेक्षा चार जास्तच निघतात, आणि कुणी कधी दिले ते देवालाही सांगता यायचं नाही!

मी नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. परकीय कर्ज, विनिमय दर, सामायिक चलन, हे सगळं फळाभर लिहून हात दुखले. माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा त्यातलं एक अक्षर त्यांना आठवत नसतं. "मॅडम, तो तुमच्या बिल्डिंगमधल्या वाटीचा किस्सा सांगा ना!" एवढंच म्हणतात. मेल्यांनी परीक्षेत तोच लिहिला असता तरी पास केलं असतं.

तर पंचवटीत आमची तीन मजली बिल्डिंग, बारा बिऱ्हाडं. काळ सत्तर-ऐंशीचा. रेशनची साखर महिनाअखेरीला संपायची. मग खुल्या बाजारात जायचं. तिथला भाव ऐकून धडधाकट माणसंसुद्धा "आम्ही चहा बिनसाखरेचाच घेतो" असं पाहुण्यांना खुशाल सांगायची.

* * *

आमच्या बिल्डिंगचं चलन म्हणजे वाटी. वाटीभर साखर!

एका वाटीला दोन वाट्या रवा किंवा तीन वाट्या पोहे, नाहीतर अर्धी वाटी डालडा. कुणाचं तान्हं मूल मॅटिनी सुटेपर्यंत सांभाळलं तर एक वाटी. मूल रडकं असलं तर शिगोशीग!

या चलनाच्या गव्हर्नर म्हणजे तळमजल्यावरच्या दाणीकाकू. वयाने मोठ्या, जिभेने त्याहून मोठ्या. मी नव्याने राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून काठोकाठ वाटी नेली आणि रेशन मिळाल्यावर काठोकाठ परत केली. काकूंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काठोकाठ न्यायची असते, आणि शिगोशीग आणायची असते. कॉलेजात व्याज शिकवत नाहीत वाटतं?"

* * *

दुसरा नियम होता तो सगळ्या महाराष्ट्राचाच. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही.

आंबेडकर जयंतीला दुसऱ्या मजल्यावरच्या उषाताई गांगुर्डे यांनी दाणीकाकूंना वाटीभर खीर दिली. उषाताई शाळेत शिक्षिका, वागायला एकदम टापटीप. त्यांच्या मनात असं, की काकूंची वाटी बरेच दिवस आपल्याकडे पडून आहे, ती या निमित्ताने जाईल. काकूंना वाटलं, वाटी उषाताईंची. त्यांनी ती लिंबाचं लोणचं घालून परत पाठवली. उषाताई म्हणाल्या, काकूंनी पुन्हा वाटी दिली, रिकामी कशी पाठवू? त्यांनी शेंगदाण्याची चटणी पाठवली. काकूंकडून चार चकल्या आल्या. उषाताईंकडून गूळपोळीचा तुकडा गेला.

मे महिना उजाडला तरी वाटी जिन्यावरून वरखाली चालूच! दोघींच्या घरात द्यायला काही उरलं नाही. काकूंनी कढीपत्त्याच्या काड्या घातल्या. उषाताईंनी काकूंच्या नातवाला म्हणून खडूचे तुकडे घातले.

शेवटी जिन्यात गाठ पडली.

"काकू, आता तुमची वाटी ठेवून घ्या ना हो!"

"माझी? अगं, तुझी आहे ना?"

वाटी उलटी करून बघतात तो बुडाशी माझं नाव कोरलेलं! संक्रांतीपासून मी ती शोधत होते. दोघींनी लगेच आणून दिली. आणि ती मात्र रिकामी!

* * *

पण खरी कटकट वाट्यांच्या आकाराची होती. प्रत्येक घरची वाटी वेगळी. काकूंच्या एका वाटीला उषाताईंच्या सव्वा, आणि माझी माहेरची वाटी खोलगट, तिला काकूंच्या दीड. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंकडे तर घ्यायची वाटी वेगळी आणि द्यायची वेगळी! मी एकदा सगळ्यांचे रेट मांडून बघितले. आमचे 'हे' बाजूला पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "यापेक्षा डॉलर सोपा आहे."

मग गच्चीवर मीटिंग भरली आणि ठरलं, की बारा घरांना बारा एकसारख्या वाट्या आणायच्या. उसनवारी फक्त त्याच वाटीने. मी आपलं पुस्तकी ज्ञान पाजळलं. म्हटलं, "काकू, माप एक केलंत, पण चुली बाराच राहणार. एकीचा खर्च हाताबाहेर गेला तर त्याचा ताप बाराही जणींना होईल."

"मॅडम, चांगलं चाललंय तिथे शिंकू नका," काकू म्हणाल्या.

आम्ही भांडीबाजारात गेलो. वाट्या पसंत पडल्या. दुकानदार नाव कोरायचं मशीन घेऊन बसला. "नाव काय घालू?" यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. प्रत्येकीला सगळ्या वाट्यांवर आपलंही नाव हवं होतं, न जाणो कुणी ढापली तर! तो बिचारा बराच वेळ ऐकत बसला आणि मग वैतागून म्हणाला,

"बाई, वाटी घेताय का पिंप?"

* * *

एकीचा खर्च म्हणजे कुणाचा, हे मी न बोलताही सगळ्यांना कळलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या सुमनवहिनी खैरनार.

बाई सोन्यासारखी. नवरा भाऊसाहेब, एसटीत कंडक्टर. सासू-सासरे लवकर गेले, त्यामुळे धाकटी नणंद कुंदा वहिनींनीच लहानाची मोठी केली. आता कुंदाचं लग्न व्हायचं होतं. दर महिन्या-दोन महिन्याला एक स्थळ बघायला यायचं, आणि प्रत्येक स्थळाला शिरा! शिऱ्याला रवा तेवढी साखर. मंडळी दोनदोनदा घेऊन खायची आणि "कळवतो" म्हणून जायची. कळवतो म्हणून गेलेलं स्थळ आणि शिऱ्यात गेलेली साखर परत आलेली मी पाहिली नाही.

वहिनी एका घरचं उसनं दुसऱ्या घरच्या उसन्याने फेडायच्या. एके सकाळी त्यांनी काकूंकडून वाटी नेली आणि उषाताईंची परतफेड केली. उषाताई माझं देणं लागत होत्या, त्यांनी तीच मला आणून दिली. मी काकूंचं देणं लागत होते, मी ती काकूंना नेऊन दिली. काकूंच्या साखरेत वासासाठी वेलदोड्याचं टरफल असायचं. संध्याकाळी डबा उघडतात तो तेच टरफल वर!

"अगं, ही तर माझीच साखर!"

मला वाटलं आता फटाके फुटणार. पण काकूंनी साखर चाचपून बघितली. दर घराने नियमाप्रमाणे शीग चढवली होती, त्यामुळे गेली होती त्यापेक्षा चांगली मूठभर जास्त परत आली होती. काकू हळूच म्हणाल्या,

"उद्या पुन्हा फिरवा."

* * *

त्याच सुमारास कुंदाला इगतपुरीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, नाव प्रकाश. शिरा एकदाच घेतला आणि कुंदाकडे दोनदा बघितलं! कुंदालाही तो आवडला होता. इतकी स्थळं झाली, पण पोरगी पाहुणे गेल्यावर कपबशा विसळताना गुणगुणली ती त्याच दिवशी.

अडचण एकच होती, मुलाची आई. सुलोचनाबाई. बाई कडक. मोठ्या मुलाच्या वेळी त्यांनी एक ठरत आलेली सोयरीक मोडली होती म्हणे, कारण मुलीकडच्यांनी पोह्यांसाठी बशा शेजारून आणल्या होत्या. "उसनं आणून मिरवणारं घर आम्हाला नको," असं तोंडावर सांगून उठल्या. हे मध्यस्थाने वहिनींना सांगितलं, आणि वहिनींचा चेहरा उतरला. त्यांच्या घरात त्या दिवशी पाहुण्यांनी खाल्लेल्या शिऱ्यातला साखरेचा कणही स्वतःचा नव्हता.

* * *

साल ब्याऐंशी, श्रावण. आम्ही जिन्यात बसून वाल सोलत होतो. पेपरात मेक्सिकोची बातमी होती आणि मी दिवसभर वर्गात तेच शिकवून आले होते. काकूंनी विचारलं, "आज काय शिकवलंत?"

म्हटलं, "एका देशाने जगभरच्या बँकांकडून कर्ज घेतलं. आता म्हणतो, द्यायला नाही."

"मग बँकांनी काय केलं?"

"आणखी कर्ज देताहेत."

"कशाला?"

"जुन्याचे हप्ते फेडता यावेत म्हणून."

काकूंचा वाल हातातच राहिला. "त्या बँकवाल्यांना घरी सासू नसावी!"

"आणि त्यांच्या पैशाचा भाव धाडकन पडला," मी सांगत सुटले. "घेणेकरी घाबरले, की सगळे एकाच दिवशी दारात येतात. मग असलेलंही पुरत नाही."

बोलून झाल्यावर लक्षात आलं, की कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्या जणी वहिनींच्या दाराकडे बघत होत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या दारात रांग. मी शिकवलं होतं त्याहून शिस्तीत! वहिनींकडे होती नव्हती ती साखर पहिल्या दोघींना गेली. बाकीच्या घरी परतल्या आणि त्यांनी आपापले डबे लपवले. कुणी कुणाला साखर देईना. एका वाटी साखरेला दोन वाट्या रवा पुरायचा, तिथे चार वाट्या मागायला लागल्या. रडकं मूल सांभाळायला तर साखर दाखवल्याशिवाय कुणी हातच लावेना.

त्याहून वाईट म्हणजे, समोरच्या बिल्डिंगमध्ये आमची वाटी घेऊन गेलं की तिथल्या बायका म्हणायच्या, "तुमच्याकडचं काही खरं नाही, आम्ही आधी घेऊ आणि मग देऊ." उषाताईंनी आयुष्यात कुणाची चिमूट बुडवली नव्हती. त्यांनाही तेच ऐकावं लागलं! माझा मुद्दा खरा ठरला होता. कर्ज एकीचं, पण वाटी बाराजणींची, म्हणून पत बाराजणींची गेली. मी काकूंना म्हटलं, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"तुम्हीच तर जिन्यात बसून म्हणालात, म्हणून झालं!"

* * *

मग काकूंनी मदतीची योजना काढली. प्रत्येक घराने वहिनींना अर्धी वाटी द्यायची, पण अटींवर. शिरा बंद. पाहुण्यांना गुळाचा चहा. देखरेख उषाताईंची, कारण त्यांना परीक्षेला सुपरव्हिजनची सवय. वहिनींनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. मला खरंच वाईट वाटलं. ती बाई स्वतःसाठी चमचाभर साखर घेत नव्हती.

भाऊसाहेबांचं गाव सटाण्याकडचं. तिकडून कोर्टाच्या तारखेला, दवाखान्याला, गोदावरीच्या आंघोळीला माणसं यायची ती खैरनारांकडेच उतरायची. काकूंचा हिशेब असा, की गुळाचा चहा मिळाला की पाहुणे दुसऱ्या दिवशी गाडी पकडतील.

पहिलाच पाहुणा आला तो भाऊसाहेबांचा चुलतमामा. उषाताई दारात उभ्या. वहिनींनी लाजत लाजत गुळाचा चहा पुढे केला. मामांनी बशीत ओतला, भुरका मारला, डोळे मिटले आणि खूश होऊन आपल्या अहिराणीत म्हणाले,

"वा! आमना घरनासारखा चहा शे! आते आठ दिन आठेच ऱ्हासू!"

* * *

अशात इगतपुरीहून होकार आला. साखरपुडा पुढच्या रविवारी, मुलीच्या घरी!

कुंदाने देवापुढे दिवा लावला आणि वहिनींनी डोक्याला हात लावला. साखर मागायची सोय राहिली नव्हती. वहिनी काकूंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, नवीन काही मागत नाही. मुलाकडचे साखरेचा पुडा आणतील. पाहुणे गेले की त्यातून जमेल तेवढं ज्याचं त्याला देते. तेवढा दिवस कुणी काही बोलू नका. तिकडच्या बाईंना कळलं तर माझ्या कुंदाचं मोडेल."

काकू म्हणाल्या, "कुणी चकार शब्द काढणार नाही." आणि खरंच कुणी काढला नाही.

फक्त झालं असं, की प्रत्येकीने मनात विचार केला. पुडा एक आणि घेणेकरी अकरा, म्हणजे पाहुणे गेल्यावर जी पहिली पोचेल तिचंच भागणार. तेव्हा आपण आपली वाटी पदराखाली घेऊन जावी, कुणाला कळतंय! मीही घेतली. मीच तर शिकवत होते, की घेणेकरी असेच वागतात.

रविवारी मंडळी आली. सुलोचनाबाई काठापदराच्या नऊवारीत, नाकात नथ, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. कुंकू झालं, साडी झाली. मग त्यांनी कुंदाच्या ओटीत साखरेचा पुडा ठेवला. चांगला टपोरा पुडा! तो बघताच काकूंचा हात नकळत पदराखालून बाहेर आला. काकूंची वाटी दिसली म्हणून उषाताईंनी आपली काढली. मग काय, कुणाच्या मागे राहायचं नाही! डोळ्याचं पातं लवायच्या आत भिंतीला लागून रांग उभी राहिली. सगळ्या जरीच्या साड्यांत, आणि प्रत्येकीच्या हातात तीच एकसारखी वाटी.

सुलोचनाबाई वळल्या. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. कुंदाने पुडा घट्ट धरला आणि प्रकाशकडे असं बघितलं, जसं काही तो आत्ताच गाडीत बसून निघाला. मला वाटलं, हे सगळं जिन्यातल्या माझ्या बडबडीने झालं आणि आता या पोरीचं लग्न मोडतंय.

"हे काय?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

दाणीकाकू आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. एकादशीला शेंगदाणा खाल्ला तरी सांगून टाकायच्या. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, कुंदाकडे पाहिलं, आणि वाटी आणखी पुढे केली.

"आमच्याकडची पद्धत आहे."

सुलोचनाबाई एकदम लाल झाल्या. मला वाटलं, संपलं! पण त्या आपल्या भावावर कडाडल्या, "तरी मी सांगत होते, नाशिकच्या रीती नीट विचारून घ्या म्हणून! एका पुड्यावर आलो आपण! हे लोक काय म्हणतील, इगतपुरीची माणसं भिकार? ऊठ, बाजारात जा. मिळेल त्या भावाने आण!"

भाऊ प्रकाशला घेऊन धावला. तासाभराने टांग्यातून साखरेची गोणी आली! सुलोचनाबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने एकेकीला कुंकू लावून वाटी भरून दिली. काठोकाठ नाही, सांडेपर्यंत! आमच्या अकराही वाट्या भरल्या. उरलेली गोणी त्यांनी वहिनींच्या स्वयंपाकघरात ठेवायला लावली. वहिनी दाराआड उभ्या राहून ढसाढसा रडल्या. मुलाकडच्यांना वाटलं, नणंद जाणार म्हणून!

काकू माझ्या कानात म्हणाल्या, "शिगोशीग. व्याजासकट आलं हो!"

* * *

पुढे पाच-सहा वर्षांनी कुंदाच्या नणंदेचा साखरपुडा होता, इगतपुरीला. मी एकटीच गेले होते, पावसात भिजत. कुंदा कडेवर मूल घेऊन धावपळ करत होती. मुलाकडची मंडळी ठाण्याची. कुंकू झालं, साडी झाली, पुडा ओटीत पडला. आणि आळीतल्या सगळ्या बायका एकामागोमाग उठून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. हातात वाट्या!

ठाणेकर तयारीत होते. त्यांनी दारातून गोणी आत घेतली.

माझ्या पुढे एक म्हातारी उभी होती. मी तिला विचारलं, "आजी, हे काय असतं हो?"

"वाटी भरणं," ती म्हणाली. "पहिल्यापासून हाय आमच्याकडं. वाटी भरली नाय तर सोयरीक टिकत नाय."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

"आमच्या सासूबाईच्या बी आधीपासून!"

मी कुंदाला शोधत होते, तेवढ्यात सुलोचनाबाईंनी मला पाहिलं. तशाच कडक, आणि नथही तीच. सगळ्या बायकांच्या देखत त्या मला म्हणाल्या,

"अहो मॅडम, तुम्ही नाशिकच्या ना? आणि रिकाम्या हाताने आलात? तुमची वाटी कुठाय?"